मान

पहाटे देव्हाऱ्यात अजून अंधार असतो,
खंडोबाच्या टाकावर कधीचं तरी फूल वाळून चिकटलेलं,
आणि माझी मान आधीच वाकलेली असते
उशाशी चार्जिंगला लावलेल्या मोबाईलवर.
मॅडमनी ग्रुपवर काही टाकलं का,
कालचे फोटो चढले का.
मग आंघोळ, मग दिवा, मग घंटी.
देव काही बोलत नाहीत.
आपला नंबर दुसरा आहे हे त्यांना ठाऊक असावं.

बावीस वर्षं मी कोळझरीची अंगणवाडी चालवते.
भिंतीवरल्या हत्तीची सोंड पोपड्यासोबत गळून गेली,
पोरं त्याला डुक्कर म्हणतात.
मीही म्हणते.
दर दहा तारखेला वजन.
आढ्याला काटा, काट्याला झोळी, झोळीत लेकरू,
लेकराचा टाहो,
आणि मी आकडा पाहते, आकडा दाबते.
हिरवं आलं की जीव भांड्यात.
पिवळं आलं की पोटात गोळा.
लाल आलं तर झोळी पुन्हा टांगते.
आणि एकदा, खोटं कशाला बोलू,
ओलं दुपटं काढलंच नाही.
तेवढ्यानं हिरवं झालं.
त्या हिरव्याला मी हात जोडले होते.
खरोखर जोडले होते.

माझा मुलगा भरतीसाठी सोळाशे मीटर धावतो.
पोचला की घाम पुसत नाही, पाणी मागत नाही,
आधी मनगट.
शेजारचे ढोकेभाऊ रात्री दोनदा उठून
मोटारीच्या पेटीतला लाल दिवा पाहून येतात,
लघवीला गेलो होतो म्हणतात.
कुणी नारळ फोडत नाही, कुणी अंगारा लावत नाही.

मान देणं म्हणजे इज्जत देणं, असं वाटायचं मला.
मान म्हणजे मानच निघाली.
हीच, खांद्यावरची,
जिच्या मणक्यात गॅप आहे.
पांढरकवड्याचे डॉक्टर म्हणाले,
बाई, खाली पाहणं कमी करा.
मी विचारलं, किती कमी?
ते त्यांच्या मोबाईलमध्ये पाहत होते.

एप्रिलच्या दहाला टॉवर गेला.
स्क्रीनवर एक गोल फिरत राहिला, फिरतच राहिला.
सुगंधा टेकाम दारात घाई करत होती,
"ताई, लवकर करा जी, मोह येचाचा हाये,
ढोरं खाऊन टाकतीन."
तिच्या पदराला तो गोड, आंबूस वास.
झोळीत तिची आराध्या.
माझ्या रजिस्टरात तीन आराध्या आहेत,
तिघींचं नाव टीव्हीवरून ठेवलेलं,
अर्थ कुणी विचारला नाही. मीही नाही.

ही रडत नव्हती.
दोराचा पीळ सुटत होता, तशी ती फिरत होती,
आधी उजवीकडे, थांबून,
मग डावीकडे.
फिरून समोर आली की मला पाहायची.
पाठमोरी झाली की मान वळवून शोधायची.
मला.
नेटवर्क असतं तर हे दिसलं नसतं.
कानात काळा दोरा. भुवईवर एक जुना चट्टा.
मांडीला वळी नव्हती,
वळी असते तिथं कातडं सैल होतं,
दुसऱ्याच्या मापाचं शिवल्यासारखं.
हे मला काट्यानं सांगितलं नाही.
काटा नंतर पाहिला. पाच किलो नऊशे.

टॉवर आला. मी पाच नऊशे दाबलं.
लाल झालं.
फोन वाजला, वाजू दिला.
"बस," म्हटलं सुगंधाला,
"मोहावर पोराले धाड. मी सांगतो तुले, बस."
ती बसली, पण उंबऱ्यावर, अर्धीच,
एक डोळा रानाकडं.
तिची चूक नाही. वर्षभराचं मीठमिरची त्या फुलांत आहे.
मी वरणात पोळी कुस्करली.
आराध्यानं चार घास खाल्ले, पाचवा थुंकला
माझ्या पातळावर.

आज पहाटे
मान पुन्हा मोबाईलकडंच गेली.
अर्ध्या वाटेत कळलं.
तशीच थोडा वेळ धरून ठेवली, दुखली.
मग उठले, दिवा लावायच्या आधी
टाकावरचं फूल नखानं खरवडून काढलं.
खाली घोडा निघाला.
घोड्यावर आहे तो, हे मी विसरूनच गेले होते.